मदत हवी आहे: लोटस एलिस आणि माझदा एमएक्स-५, ०-१०० चा हिशोब जुळत नाही

शीट_टिळकवाडी:
मंडळी, मेकॅनिकल फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दोन हलक्या स्पोर्ट्स कारच्या पिकअपची (० ते ताशी १०० किमी गाठायला लागणारे सेकंद) एक्सेल शीट केली आहे. एक लोटस एलिस १११आर (२००४, टोयोटाचं १.८ इंजिन, १४१ किलोवॅट, ८६० किलो), दुसरी माझदा एमएक्स-५ एनडी (म्हणजे चौथी पिढी) २.० (१८४ पीएस म्हणजे १३५ किलोवॅट, १,१०५ किलो). १०० च्या वेगाची गतिज ऊर्जा काढून पॉवरने भागली. एलिस २.३५ सेकंद, माझदा ३.१६. कंपन्यांचे आकडे ५.२ आणि ६.५! सेकंद निम्मे येतात हे एक. दोन गाड्यांमधलं प्रमाणही चुकतंय, माझं १.३४ आणि त्यांचं १.२५. शिवाय बेळगावच्या उंचीवर काय फरक पडेल तेही दाखवायचं आहे. गाड्या इथे मिळणार नाहीत, सगळं कागदावरच. चूक कुठे आहे?

वजनकाटा_निपाणी:
प्रमाण चुकतंय ते वजनामुळे. एलिसचे ८६० किलो ड्रायव्हरविना आहेत. माझदाचे १,१०५ युरोपियन पद्धतीचे, त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आधीच बसलेला. एलिसमध्येही तेवढाच माणूस बसवा, ९३५ धरा. उत्तर २.५६ येईल आणि प्रमाण १.२३. म्हणजे जवळजवळ जुळलंच.

आकडे गोळा करताना आणखी एक बघा. इंग्लंडची मासिकं ०-६० मैल देतात, म्हणजे ९६.६ किमी, १०० नव्हे. अमेरिकेतले बरेच जण पहिला एक फूट मोजतच नाहीत, तिथे पाव सेकंदाच्या आसपास सुटतो. वेगवेगळ्या पद्धतीचे आकडे एका कॉलममध्ये टाकू नका.

गिअरबॉक्स_खानापूर:
आता निम्म्याचा प्रश्न. तुम्ही गृहीत धरलंय की पहिल्या क्षणापासून पूर्ण १४१ किलोवॅट रस्त्यावर उतरतात. पॉवर म्हणजे जोर गुणिले वेग. २० किमीच्या वेगाला (५.५६ मीटर प्रति सेकंद) मागच्या टायरने ७,००० न्यूटन पेलले तरी फक्त ३९ किलोवॅट वापरले जातात. बाकीचे कागदावरच राहतात.

त्यामुळे ऊर्जेची पद्धत सोडा आणि गिअरनुसार जोर काढा. गिअरची गुणोत्तरं अशी (फायनल म्हणजे गिअरबॉक्सनंतरचं शेवटचं गुणोत्तर). एलिस: पहिला ३.११६, दुसरा २.०५०, फायनल ४.५२९, मागचं टायर २२५/४५ आर१७. माझदा: पहिला ५.०८७, दुसरा २.९९१, फायनल २.८६६, टायर २०५/४५ आर१७. टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) गुणिले गिअर गुणिले फायनल, भागिले चाकाची त्रिज्या, त्यातून १५ टक्के गिअरबॉक्सचे वजा.

एलिसची खरी गंमत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आहे. ८,००० आरपीएमला पहिला गिअर ६८ किमीवर संपतो. दुसरा टाकला की इंजिन ५,२६० ला पडतं, आणि या इंजिनाचा मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडून जादा ताकद देणारा) लागतो ६,२०० ला. म्हणजे ६८ पासून ८० किमीपर्यंत गाडी लहान कॅमवर ओढते. कमाल टॉर्क १८१ न्यूटन मीटर ६,८०० ला आहे. सरसकट तोच घातला तर हा खड्डा शीटमध्ये दिसणारच नाही. टॉर्कचा वक्र ५०० आरपीएमच्या टप्प्यांनी भरा.

माझदाला हा त्रास नाही. ७,५०० ला शिफ्ट केलं तर इंजिन ४,४०० ला येतं आणि तिचा कमाल टॉर्क २०५ आहे ४,००० ला. दुसरा गिअर १०१ किमीपर्यंत पुरतो, म्हणून १०० ला एकच शिफ्ट. आधीची १६० पीएसची एनडी ६,८०० लाच थांबायची, दुसरा ९२ वर संपायचा आणि तिसरा टाकावा लागायचा. तिचे ७.३ सेकंद होते, त्यात त्या जादा शिफ्टचाही वाटा आहे.

शीट_टिळकवाडी:
वजन दुरुस्त केलं, १.२३ आलं. गिअरनुसार केल्यावर माझदाचा पहिल्या गिअरचा जोर ८,२०० न्यूटन येतोय. एवढा टायर पेलेल?

वजनकाटा_निपाणी:
नाही पेलणार, तिथे मर्यादा घालावीच लागेल. मागच्या चाकांवरचं वजन गुणिले घर्षणांक एवढाच जोर रस्त्यावर उतरतो. माझदाचं वजन निम्मं निम्मं, एलिसचं इंजिन मध्ये असल्याने मागे ६२ टक्क्यांच्या आसपास. त्यात पिकअप घेताना मागे सरकणारं वजन मिळवा: वस्तुमान गुणिले त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची (०.४५ मीटर चालेल), भागिले व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), तो दोघींचा २.३ मीटर. घर्षणांक १ धरून दोघींची मर्यादा ७,००० च्या आसपास येते. माझदाचा वरचा जोर व्हीलस्पिनमध्ये वाया जातो. एलिसचा ६,८०० येतो, जेमतेम बसतो.

चाकं, फ्लायव्हील (इंजिनावरची जड चकती) फिरवण्यातही जोर जातो. पहिल्या गिअरला वस्तुमान १५ टक्के, दुसऱ्याला ८ टक्के वाढवून धरा. शिफ्टला ०.४ सेकंद. टाइम स्टेप (हिशोबाचा एकेक टप्पा) ०.०१ सेकंद पुरे.

उंची_चिकोडी:
बेळगाव साधारण ७५० मीटरवर आहे, हवेचा दाब १,०१३ ऐवजी ९२६ हेक्टोपास्कलच्या घरात. दोन्ही इंजिनं टर्बोविना, म्हणून टॉर्कला ०.९२ ने गुणा. पॉवर २५ अंशांना मोजलेली असते, एप्रिलच्या ३५ अंशांत आणखी दोन टक्के जातात. पण टायरच्या मर्यादेला हा गुणक लावू नका, रस्त्याची पकड हवेच्या दाबावर ठरत नाही. इथेच बहुतेक शीट चुकतात.

आणि शीट तपासायची असेल तर घरच्या गाडीचं दुसऱ्या गिअरमधलं ३० ते ६० मोजा, दोन्ही दिशांनी, कॉलेजच्या बंद आवारात परवानगी घेऊन. हायवेवर अजिबात नको. मोबाइलचं जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच नोंद घेतं, १० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला दहा नोंदी घेणारं यंत्र मिळवा. एक टक्का चढ त्वरणातून ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग खातो.

शीट_टिळकवाडी:
सगळं घातलं. समुद्रसपाटीला एलिस ५.६, माझदा ६.३. बेळगावला ६.१ आणि ६.६. एलिसला जास्त फटका बसतोय, शीट परत चुकली की काय?

गिअरबॉक्स_खानापूर:
चुकली नाही, बरोबर दाखवतेय. माझदाकडे पहिल्या गिअरला जोर शिल्लक होता, आठ टक्के गेले तरी टायरची मर्यादा तीच राहिली. एलिसकडे शिल्लक नव्हता, त्यामुळे तिचा पहिला गिअरही मंदावला. हा मुद्दा रिपोर्टमध्ये आलेखासकट घाला. आता ५.६ चे ५.२ कसे होतात ते बघायचं असेल तर शिफ्ट ०.३ करा आणि सुरुवात ६,५०० आरपीएमवर क्लच सोडून धरा. फ्लायव्हीलमधली साठलेली ऊर्जा पहिल्या काही मीटरला मिळते, ती तुमच्या शीटमध्ये अजून नाही.