कामाचं काही नाही, तरी नजर हटत नाही: तुमचे अनुभव लिहा

नेटवर भटकताना एखादं विक्षिप्त यंत्र किंवा जगावेगळी कला समोर येते आणि दिवसभर डोक्यातून जात नाही. नुसती लिंक देऊन थांबू नका, ते पाहून तुम्ही पुढे काय केलंत ते सांगा. सुरुवात माझ्यापासून.

मला वेड लावलं ते स्वतःलाच बंद करणाऱ्या डबीने. बटण दाबलं की झाकण उघडतं, आतून एक हात येतो, बटण बंद करतो आणि परत आत जातो. बस्स. कल्पना संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांची, १९५२ सालची, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतली. तिथलेच गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी ती प्रत्यक्षात आणली. मी बनवायला घेतली तेव्हा हात आत गेला तरी मोटर घरघरतच राहिली. हात जागेवर पोचला की वीज तोडणारा लिमिट स्विच दोन मिलिमीटर मागे बसला होता. तो पुढे सरकवला आणि डबी पहिल्यांदा शांत झाली. त्या शांततेचा आनंद मला अजून नीट सांगता येत नाही.

*

थिओ यान्सेन यांचे वाऱ्यावर चालणारे सांगाडे मी आधी अ‍ॅनिमेशनच समजले होते. हा डच कलाकार १९९० पासून वायरिंगच्या पिवळ्या पाइपांचे हे प्राणी बनवतो आणि समुद्रकिनाऱ्यावर सोडतो. सगळी गंमत पायात आहे. त्याच्या अकरा मापांचं आपसातलं प्रमाण त्यांनी संगणकाकडून शोधून घेतलं. लेकीला घेऊन मी तसा एक पाय पुठ्ठ्याचा कापला, सांध्यांना टाचण्या लावल्या. पाऊल नुसतं फरफटायचं. एक पट्टी आखूड कापली गेली होती. ती बदलली, पावलाच्या टोकाला पेन्सिलीचं शिस चिकटवलं आणि लेकीने पाय हलवणारा दांडा फिरवला. कागदावर वर फुगीर आणि खाली जवळजवळ सपाट अशी आकृती उमटली. त्या सपाट रेघेमुळेच तो प्राणी हेलकावे न खाता चालतो. लेकीने तो कागद जपून ठेवलाय.

*

माझं थोडक्यात. जपानच्या केंजी कावाकामी यांचं चिंदोगू, म्हणजे जवळजवळ निरुपयोगी वस्तू शोधण्याची कला: बुटांच्या टोकांवर बसवायच्या इवल्या छत्र्या वगैरे. वस्तू खरोखर बनवलेली हवी, पण विकायची नाही आणि तिचं पेटंटही घ्यायचं नाही, हे त्यातले नियम. ते वाचूनच मी आईच्या स्वेटरच्या चेनला पडद्याची कडी अडकवली. तिची बोटं थरथरतात. दिसायला विचित्र, पण आता चेन तीच लावते.

*

अमेरिकन शिल्पकार आर्थर गॅन्सन यांचं काँक्रीटचं यंत्र मी बाबांना दाखवलं. त्यांची हयात गिअरबॉक्स दुरुस्त करण्यात गेली. एका टोकाला मोटर जोरात फिरते. पुढे गिअरच्या बारा जोड्या, प्रत्येक जोडी वेग पन्नास पटीने उतरवते. आणि शेवटचं टोक काँक्रीटमध्ये पक्कं गाडलेलं! त्या टोकाचा एक फेरा व्हायला २ लाख कोटींहून जास्त वर्षं लागतील, म्हणून मोटरला काही अडत नाही. बाबांनी कागद मागून घेतला, पन्नास गुणिले पन्नास करत गेले आणि मध्येच थांबून म्हणाले, "अरे, एवढ्या चाकांमधला प्ले, दात्यांमधली सैल जागा, भरून निघायलाच किती पिढ्या जातील!"

मग व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. आवाज बंद करून, डोळे स्क्रीनला लावून पाहिला.

"त्या पहिल्या गिअरला तेल कोण घालतं रे?"