बीजांडपेशी गप्प बसत नाही
नेहमी सांगतात की मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीची एफएसएच-एलएच ही हार्मोन्स हुकूम सोडतात आणि अंडाशय तो पाळतं. अर्धंच खरं आहे. बीजांडपेशी स्वतःच जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ हे वृद्धीघटक सोडते. त्यांच्यामुळे भोवतालच्या ग्रॅन्युलोसा पेशी वाढतात, आणि त्यांच्या वेळेआधी ल्युटिअल पेशी (बीजांड सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी) बनत नाहीत.

आमच्या नाशिककडे सिन्नर-येवल्यात धनगरांना विचारा, दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोल मेंढीतलं फेक-बी जनुक दख्खनीत आणलं, तर जुळी होऊ लागली! फेक-बी म्हणजे बीएमपी वृद्धीघटकांचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या एका ग्राहक-प्रथिनातला बदल. २००१ मध्ये उलगडला. हार्मोनचा डोस वगैरे काही नाही. खुद्द बीएमपी-१५ च्या जनुकातला ‘इनव्हर्डेल’ नावाचा बदल मात्र विचित्र: जनुकाची एक प्रत बदललेली असेल तर जास्त बीजांडं, दोन्ही बदललेल्या असतील तर मेंढी वांझ.