मक्याचे टॉर्टिया उचलताना फाटतात, मदत हवी आहे (जरा लवकर!)

खटपटी_मनू: तीन दिवस झाले, वैताग आलाय. हार्मोनवाला आहार चालू आहे, पोळी बंद, त्याऐवजी मक्याचे टॉर्टिया. व्हिडिओतली बाई पीठ, मीठ, कोमट पाणी एवढंच घेते आणि रुमालासारखी घडी घालून दाखवते. माझे प्लॅस्टिकवरून उचलतानाच तीन तुकडे. नवरा म्हणतो, नाचोज समजून खाऊ. पाणी कमी पडतंय का? पीठ मळून झाकून ठेवलंय.

गिरगावचा_भाऊ: कोणतं पीठ?

खटपटी_मनू: मक्याचं हो! आणखी कोणतं?

गिरगावचा_भाऊ: रागावू नका. कॉर्नफ्लोअर मागितलं की वाणी सूपात घालायची पांढरी पावडर देतो. तो नुसता स्टार्च, त्याचं काही होणार नाही.

खटपटी_मनू: पिवळंच आहे. वाळका मका गिरणीतून दळून आणलाय.

मीठभाकर: मुळात टॉर्टिया हवेतच कशाला? नाचणीची भाकरी खा. माझ्या वहिनीचं सगळं नाचणीने नियमित झालं.

खटपटी_मनू: नाचणी नको, मी टॉर्टियाचं विचारतेय.

पार्लेकर_निवांत: तुमचा हात चुकत नाहीये, पीठच वेगळं आहे. व्हिडिओतलं पीठ 'मासा हरिना' असणार. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सालं चोळून धुतात आणि मग वाटतात. चुन्याने दाण्याची सालं आणि आतली बांधणी सैल होते, म्हणून पीठ चिकटून येतं. मक्यात ग्लुटेन नाही, तेव्हा नुसतं दळलेलं पीठ कितीही मळा, धरणार नाही. शिवाय मक्यातलं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) चुन्यामुळे नीट अंगी लागतं. मका युरोपात गेला पण चुन्याची रीत मागेच राहिली, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याचा आजार, झाला.

कोळीण_नव्हे: मासा? गुरुवारी चालेल का? 😄

पार्लेकर_निवांत: मासा म्हणजे स्पॅनिशमध्ये मळलेलं पीठ. गुरुवारी खुशाल खा.

मीठभाकर: पोटात चुना घालायला सांगताय? धागाकर्तीला चुना लावू नका.

पार्लेकर_निवांत: पानाला काय लावतात मग? प्रमाण सांगतो: १ किलो वाळक्या मक्याला साधारण १० ग्रॅम खायच्या चुन्याची कोरडी पूड. भिंतीचा नको, वासाचा नको. पातेलं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम चुन्याने खातं. सालं सुटेपर्यंत उकळा, रात्रभर ठेवा, सकाळी दोन-तीन पाण्यांनी खळखळून धुवा. आणि ओला मका गिरणीत नेऊ नका, गिरणीवाला हाकलून देईल. मिक्सरमध्ये जेमतेम पाणी घालून वाटा.

सासरी_लालबाग: अहो, तिचं पीठ आत्ता मळून पडलंय! मनू, उरलेल्या कोरड्या पिठाची उकड काढ, मोदकाला काढतेस तशी. पाणी खळखळलं की पीठ घालून झाकण ठेव, गरम असतानाच मळ, पुरीच्या प्रेसमध्ये प्लॅस्टिक घालून दाब.

पार्लेकर_निवांत: त्याला टॉर्टिया म्हणत नाहीत. मक्याची भाकरी झाली ती.

सासरी_लालबाग: घडी पडली म्हणजे झालं. नाव काय चाटायचंय?

अर्धवट_वैद्य: पण पोळी बंद कोणी केली? पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास) का? मका म्हणजेही पिष्टच. चार-पाच हाणले तर साखर वाढायची ती वाढणारच. दोन घ्या, बरोबर राजमा किंवा मटकीची उसळ.

खटपटी_मनू: हो, पीसीओएस. आहारतज्ज्ञांनीही दोनच सांगितलेत. आणि थायरॉईडची गोळी सकाळी असते.

अर्धवट_वैद्य: हे आधी सांगायचं ना! कॅल्शियमची गोळी घेत असाल तर त्या दोन्हींत ४ तासांचं अंतर लागतं. चुन्याच्या टॉर्टियातही कॅल्शियम वाढतं, त्यामुळे नाश्त्याला नको, जेवणाला ठेवा. डॉक्टरांनाही विचारा.

बांद्रा_बॉय: स्वीट कॉर्न उकडून वाटलं तर?

पार्लेकर_निवांत: खीर होईल.

गिरगावचा_भाऊ: गिरणीवरून आठवलं, आमच्या चाळीखालची गिरणी बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान आलं. भाजणी कुठे दळायची आता?

सासरी_लालबाग: आमच्याकडे या, दोन गिरण्या अजून धडधडतायत. भाजणी दळताना अख्खी गल्ली धण्याच्या वासाने भरते.

खटपटी_मनू: उकड काढली. सहापैकी चार अख्खे उतरले, घडी पडली, गार झाल्यावर मात्र मधोमध चिरले.

सासरी_लालबाग: फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेस का?

खटपटी_मनू: नाही, ताटात. पसरून. पंख्याखाली.

सासरी_लालबाग: 🤦‍♀️

खटपटी_मनू: कळलं! आता अर्धा किलो मका आणलाय, रात्री चुन्यात ठेवते. पानवाल्याकडे नुसता चुना मागितला तर तंबाखूही पुढे केली त्याने. चुना ओला आहे पण, पूड नाही. किती घालू?

पार्लेकर_निवांत: अर्ध्या किलोला सपाट दोन छोटे (चहाचे) चमचे. आधी पाण्यात कालवा. हात जपून, चुरचुरतं.

मीठभाकर: त्यापेक्षा नाचणी...

बांद्रा_बॉय: हेच वाटण चकलीला चालेल का?