विषय: समुद्रकिनारी कॅम्पिंग – जुलै की कोजागरी?

पाठवणार: राधिका
शुक्रवार, 10 एप्रिल 2026

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत विषय निघाला होता, तो इथे मांडते. या उन्हाळ्यात मंडळातर्फे समुद्रकिनारी दोन रात्रींचं कॅम्पिंग करावं का? साधारण दहा कुटुंबं म्हणजे लहानमोठे धरून चाळीस जण. चार जुलैचा शनिवार-रविवार बरा वाटतोय. मुलांना मनसोक्त पाण्यात डुंबू द्यायचं, संध्याकाळी भेळ, रात्री शेकोटी आणि अंताक्षरी. स्पीकर आमच्याकडे आहे. कॅलिफोर्नियातल्या आपल्या सांताक्रूझजवळचा न्यू ब्रायटन स्टेट बीच छान आहे असं ऑफिसात ऐकलं. कोणी राहिलंय का तिथे? गुहागरला जाऊन राहावं तसं काहीतरी डोळ्यांसमोर आहे.

राधिका (फ्रीमाँट)

---

पाठवणार: मिलिंद
शुक्रवार, 10 एप्रिल 2026
विषय: उत्तर: समुद्रकिनारी कॅम्पिंग – जुलै की कोजागरी?

राधिका,

जागा उत्तम निवडली आहेस. महिना मात्र बदल.

पहिली गोष्ट, चार जुलैच्या जागा कधीच गेल्या. कॅलिफोर्निया स्टेट पार्कच्या (राज्य सरकारच्या उद्यानांच्या) कॅम्पसाइट, म्हणजे तंबूच्या जागा, रिझर्व्हकॅलिफोर्निया या बुकिंगच्या वेबसाइटवर सहा महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला खुल्या होतात. रोज एक नवी तारीख उघडते. म्हणजे जुलैच्या जागा जानेवारीतच संपल्या. आता एखाददुसरी रद्द झालेली मिळेल, पण दहा कुटुंबांचं त्यात भागायचं नाही.

आणि मिळाल्या तरी जुलैत जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

> गुहागरला जाऊन राहावं तसं

इथेच आपली मंडळी फसतात. कोकणातलं पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास, इथलं उन्हाळ्यातसुद्धा बारा ते पंधरा सेल्सियस. वसंतापासून वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी समुद्राच्या दिशेला ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंडगार पाणी वर येतं. मासे, सील, देवमासे यांची त्यावर चंगळ असते. आपल्या मुलांचे ओठ मात्र पाच मिनिटांत निळे पडतात. त्याच गार पाण्यावरून येणाऱ्या हवेचं धुकं होतं आणि ते जून-जुलैत दुपारपर्यंत हलत नाही. सॅन होजेला छत्तीस अंश म्हणून हाफपँटीत निघालेले लोक दुपारी शेजारच्या कॅपिटोला गावातल्या दुकानांत स्वेटशर्ट शोधत असतात. दुकानदारांना ते माहीत असतं, स्वेटशर्ट दाराशीच लावलेले असतात.

इथल्या किनाऱ्याचा खरा उन्हाळा सप्टेंबर-ऑक्टोबर. वारा पडतो, धुकं विरळ होतं, मुलांच्या शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरते. यंदा अधिक ज्येष्ठ असल्याने सणवार लांबले आहेत. दसरा 20 ऑक्टोबरला, कोजागरी रविवारी 25 ऑक्टोबरला. म्हणजे घट उठल्यावर, शुक्रवारी 23 तारखेला जाऊन रविवारी दुपारी बाराच्या आत जागा सोडायची. शनिवारी रात्री चतुर्दशीचा चंद्र मिळेल आणि त्याच्यात-पौर्णिमेच्या चंद्रात डोळ्यांना फरक कळत नाही. अंताक्षरीऐवजी कोजागरी करू.

आता जागेबद्दल. कॅम्पग्राउंड वर कड्यावर आहे, पाइन आणि निलगिरीच्या झाडांत, वाळू खाली. मधे बऱ्याच पायऱ्या आहेत, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी गाडीने खालच्या दिवसाच्या पार्किंगमध्ये यावं. किनारा दक्षिणेला तोंड करून, मॉन्टेरे उपसागराच्या कुशीत आहे. त्यामुळे हाफ मून बेसारख्या उघड्या किनाऱ्यापेक्षा लाटा सौम्य असतात. तरी पोटरीभर पाण्याच्या पुढे वेटसूटशिवाय कोणी जाऊ नये, आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नयेत. अचानक येणारी मोठी लाट आधी सांगून येत नाही.

नियम थोडक्यात: एका साइटवर जास्तीत जास्त आठ माणसं, बाळंही त्यात मोजतात. चाळीस जण म्हणजे पाच साइट. शेजारी-शेजारीच मिळतील असं धरून चालू नका. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. स्पीकरचा आवाज आपल्या साइटबाहेर ऐकू गेला तर दिवसाही चालत नाही, तेव्हा तो घरी राहू दे. जास्तीच्या गाडीचे वेगळे पैसे पडतात.

लाकडं घरून आणू नका. सांताक्रूझ काउंटीत 1986 साली पाइनच्या झाडांवर एक बुरशीचा रोग सापडला, पिच कँकर. कॅलिफोर्नियातली ती पहिलीच नोंद. तो आणि त्याच्यासारखे रोग, किडे जळाऊ लाकडातून गावोगाव जातात. कॅम्पच्या शेजारी विकत मिळेल ते जाळायचं, आणि तेही साइटवरच्या शेकोटीच्या लोखंडी कड्यातच. निखारे वाळूत पुरून ठेवायचे नाहीत. वरून वाळू थंड दिसते, आत ते तासन्‌तास धगधगत असतात आणि सकाळी कोणाचं तरी पोर अनवाणी त्यावर पाय देतं. पाणी ओतायचं.

23 ऑक्टोबरचं बुकिंग 23 एप्रिलला, गुरुवारी, सकाळी आठला उघडेल. पाच जणांनी पाच लॅपटॉपवर तयार बसावं लागेल.

मिलिंद (सनीवेल)

---

पाठवणार: सुधीर
शनिवार, 11 एप्रिल 2026
विषय: उत्तर: समुद्रकिनारी कॅम्पिंग – जुलै की कोजागरी?

मिलिंदराव, तुमची मेल वाचून थंडी वाजली.

आम्ही मालवणचे. किनाऱ्यावर दोन दिवस राहायचं आणि मासळी नाही, हे आमच्याच्याने होणार नाही. मागे तिकडच्या खडकांवर शिनाणे, म्हणजे मसल शिंपले, लगडलेले पाहिले होते. आमच्याकडे त्यांचं सुकं करतात. ओहोटीला दोन बादल्या काढल्या तर सगळ्यांचं होईल. भरती-ओहोटीचं मी बघतो. आमचे वडील तिथीची पाऊणपट करून वेळ सांगायचे. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती. घड्याळ लावून बघा, बरोबर यायची.

सुधीर (मिलपिटस)

---

पाठवणार: मिलिंद
शनिवार, 11 एप्रिल 2026
विषय: उत्तर: समुद्रकिनारी कॅम्पिंग – जुलै की कोजागरी?

सुधीरकाका,

शिनाण्यांचा बेत रद्द करावा लागेल. कॅलिफोर्नियाच्या सगळ्या किनाऱ्यावर 1 मे ते 31 ऑक्टोबर हौसेने शिनाणे काढून खायला दरवर्षी बंदी असते. गरम दिवसांत समुद्रात काही सूक्ष्म शैवालं माजतात, शिनाणे ती गाळून खातात आणि त्यांचं विष अंगात साठवतात. ते मज्जासंस्थेवर जातं, माणूस दगावू शकतो. शिजवून, तळून, वाटणात घालून कशानेही ते जात नाही आणि चवीला कळत नाही. आपण जातोय ते बंदीच्या शेवटच्या आठवड्यात. सुक्यासाठी बाजारातून आणू.

गळ टाकायचा असेल तर वाळूवरून सोळा वर्षांवरच्यांना परवाना लागतो. सार्वजनिक धक्क्यावरून मासेमारीला लागत नाही.

पाऊणपटीचं गणित मुंबई-कोकणासाठी चोख आहे. तिथे दिवसाच्या दोन्ही भरत्या बऱ्यापैकी सारख्या असतात आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास येतात. मॉन्टेरे उपसागरात रोजच्या दोन भरत्या असमान असतात, एक मोठी, एक लहान, ओहोट्याही तशाच. वेळाही त्या हिशोबात बसत नाहीत. तेव्हा इथे नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेचं भरतीचं कोष्टकच बघायचं. पण आमच्या आजोबांनी मला हे कधी शिकवलं नाही, ते येत्या कोजागरीला मुलांना तुम्हीच शिकवा. चतुर्दशीची पाऊणपट किती, आणि इथे प्रत्यक्षात किती वाजले, हा खेळ अंताक्षरीपेक्षा बरा.

ओहोटीची वेळ एवढ्यासाठी हवी की न्यू ब्रायटनहून वाळूवरून दक्षिणेला चालत सीक्लिफ स्टेट बीचला जाता येतं. तिथे पाण्यात एक मोडकं जहाज आहे, एसएस पालो आल्टो. काँक्रीटचं! पहिल्या महायुद्धात पोलादाचा तुटवडा होता, म्हणून ओकलंडला सिमेंट-काँक्रीटचं तेलवाहू जहाज बांधायला घेतलं. ते 1919 मध्ये पाण्यात उतरलं, तोवर युद्ध संपलेलं. पुढे 1930 च्या सुमारास एका कंपनीने ते इथे ओढून आणून तळाला बसवलं आणि त्यावर नाचघर, पोहण्याचा तलाव वगैरे थाट केला. दोनेक वर्षांत मंदीने कंपनी बुडाली आणि वादळाने जहाजाला तडा गेला. तिथवर जाणारा लाकडी धक्काही जानेवारी 2023 च्या वादळात मोडला, त्याच वर्षी तो काढून टाकला. आता जहाजावर पेलिकन आणि पाणकावळे राहतात. वास येतो, नाक धरून बघा, पण बघा.

वाटेत कड्याच्या मातीत शिंपल्यांचे थर दिसतील. ते लाखो वर्षांपूर्वीचे जीवाश्म आहेत. पोरं नखांनी उकरायला बघतील. उकरायचे नाहीत, खिशात घालायचे नाहीत, कड्याला खेटून बसायचंही नाही, दरडी येतात.

मिलिंद

---

पाठवणार: श्रुती
रविवार, 12 एप्रिल 2026
विषय: उत्तर: समुद्रकिनारी कॅम्पिंग – जुलै की कोजागरी?

नमस्कार,

ज्यांना तंबूत झोपणं जमणार नाही (सासूबाई आत्ताच हसल्या), त्यांनी शनिवारी दिवसभरासाठी यावं. पार्किंगचे पैसे वाचवायचे तर सार्वजनिक ग्रंथालयातून स्टेट पार्कचा पास पुस्तकासारखा घरी नेता येतो. एका गाडीच्या दिवसाच्या पार्किंगला चालतो, कॅम्पिंगला नाही. आमच्या ग्रंथालयात त्यासाठी नंबर लावावा लागतो, तेव्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच लावा. आणि पास हातात असला तरी पार्किंग भरलं तर ते परत पाठवतात, म्हणून दहाच्या आत पोचा.

खाण्याचं: प्रत्येक साइटवर खाणं ठेवायचं कपाट असतं. सगळं त्यात, टूथपेस्टसुद्धा. रकून रात्री येतात आणि त्यांना कूलर उघडता येतो. गेल्या खेपेला आमच्या शेजारच्या साइटवर त्यांनी पावभाजीची भाजी सोडून फक्त पाव नेले होते.

तंबूवरचं आच्छादन आकाश निरभ्र असलं तरी घाला. पहाटे दवाने सगळं चिंब होतं. स्लीपिंग बॅगेखाली जाड मॅट हवी, थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. आंघोळीला गरम पाणी आहे, पैसे टाकून चालणारं. क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, जवळ ठेवा.

मुलांचे पतंग आणू नका असं सुचवेन. आपण सनसेट बीचकडे फिरायला गेलो तर तिथे स्नोई प्लोव्हर पक्षी असतात, मूठभर आकाराचे, वाळूच्या रंगाचे. 1993 पासून त्यांना कायद्याने संरक्षण आहे. ऑक्टोबरात अंडी नसतात, पण पतंग त्यांना ससाण्यासारखा वाटतो आणि ते उगाच उडत राहतात.

श्रुती (कुपर्टिनो)

---

पाठवणार: राधिका
सोमवार, 13 एप्रिल 2026
विषय: उत्तर: समुद्रकिनारी कॅम्पिंग – जुलै की कोजागरी?

मंडळी,

ठरलं. शुक्रवार 23 ते रविवार 25 ऑक्टोबर, न्यू ब्रायटन. 23 एप्रिलला सकाळी पावणेआठपासून पाच जण लॉगिन करून बसणार: मिलिंददादा, श्रुतीताई, सुधीरकाका, मी आणि आणखी एक जण हवाय. ज्याच्या नावावर साइट, त्याने तिथे स्वतः हजर असायचं. नंतर बदलाबदली नको. मुक्कामाची नावं 20 तारखेपर्यंत कळवा, चाळीसच्या वर गेलं तर उरलेले शनिवारचे दिवसपाहुणे.

दुधाचं मी बघते. दहाच्या आत आटवून, वाटून झालं पाहिजे, म्हणून आठलाच शेगडी पेटवू. घरून बदाम-पिस्ते, वेलची, जायफळाची पूड करून आणते, केशर कोणाकडे चांगलं असेल तर सांगा. सुधीरकाका, बाजारातल्या शिनाण्यांचं सुकं तुमच्याकडे. पण शाकाहारी मंडळी बरीच आहेत, तवा वेगळा आणा.

मिलिंददादा, स्पीकर घरीच ठेवते. पेटी चालेल का?

राधिका

---

पाठवणार: मिलिंद
सोमवार, 13 एप्रिल 2026
विषय: उत्तर: समुद्रकिनारी कॅम्पिंग – जुलै की कोजागरी?

> पेटी चालेल का?

दहापर्यंत, हळू, आणि शेजाऱ्यांना आधी दूध देऊन. दवात पेटीचे सूर बसतात, तेव्हा वाजवून झाली की गाडीत ठेव.

मिलिंद