मूर्तीच्या फोटोसाठी फिरतं टेबल बनवतेय, मोटर आणि सेन्सर कुठला घेऊ?

शाडूमाती
नमस्कार मंडळी, पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे, बाहेरदेशातली गिऱ्हाईकं मूर्ती चारी बाजूंनी बघितल्याशिवाय ऑर्डर देत नाहीत म्हणून फिरतं टेबल करायला घेतलंय. १४ इंची गोल प्लाय, वर शाडूची मूर्ती पाटासकट ५ किलोच्या आसपास. आधी ती छोटी ५ व्होल्टची स्टेपर मोटर (ठराविक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने फिरणारी) लावली, २८बीवायजे-४८. रिकामं असताना छान फिरतं पण मूर्ती ठेवली की अडकत अडकत जातं आणि २०४८ स्टेप देऊन फेरी पूर्ण केली तरी सोंड परत त्याच जागी येत नाही, दोनेक अंश पुढे जाते. कुठली मोटर घेऊ? आणि टेबल कुठे आहे ते कळायला एन्कोडर (किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) लागेलच का?

तारजोड
ताई, सोंड पुढे जातेय ती गिअरमुळे. त्या मोटरच्या आतला गिअर (आत इतके फेरे झाले की बाहेरचा दांडा एकदा फिरतो) बऱ्याचदा नेमका ६४ चा नसतो, ६३.६८ च्या आसपास असतो, म्हणजे फेरी २०३८ स्टेपमध्येच होते आणि वरच्या दहा तुम्ही जास्तीच्या देताय. पण ५ किलोला ती मोटर नकोच. नेमा १७ मापाची मोठी स्टेपर घ्या, एका स्टेपला १.८ अंश फिरणारी, सोबत ए४९८८ ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा छोटा बोर्ड) आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर. मूर्तीचं वजन मोटरच्या शाफ्टवर (दांड्यावर) अजिबात येऊ देऊ नका, जेवणाच्या फिरत्या टेबलाखाली गोल चपटं बेअरिंग असतं ना, ते लावा, सगळा भार त्याच्यावर. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जळतो.

पट्टापुली
बरोबर, फक्त मोटर थेट टेबलाला जोडू नका, जीटी२ दातेरी पट्टा घ्या, मोटरला २० दातांची पुली आणि टेबलाला ६० ची. मोटरची फेरी २०० स्टेपची, मग टेबलाची एक फेरी ६०० स्टेपची होते, २४ फोटो काढले की दर फोटोला बरोब्बर २५ स्टेप. ३६ फोटो म्हणाल तर १६.६७ येतात आणि चूक साचत जाते. वेग हळूहळू चढवा आणि उतरवा, एकदम झटका दिला की जड मूर्ती हलत नाही आणि मोटर स्टेप चुकवते.
एन्कोडरवर पैसे घालवू नका. स्टेप आपण मोजतोच, सुरुवातीची जागा तेवढी कळायला हवी, त्याला ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की सिग्नल देणारा) आणि एक चुंबक पुरे. चुंबक टेबलाच्या खाली चिकटवा, मोटरच्या पुलीवर नको, नाहीतर टेबलाच्या एका फेरीत तीनदा सिग्नल येईल. आयआर (इन्फ्रारेड प्रकाशावर चालणारा) सेन्सर फोटोच्या लाइटात गंडतो.

शाडूमाती
खूप आभार दोघांचे, सगळं आणून जोडलं, सोंड आता फेरीनंतर जागेवर येते! पण सेन्सर काहीच दाखवत नाहीये, म्हणून सध्या हातानेच सुरुवात जुळवतेय. आणि मूर्तीचे कान फोटोत किंचित हललेले येतात.

तारजोड
चुंबक उलटा करून बघा, तो सेन्सर एकाच ध्रुवाला ओळखतो. शिवाय आउटपुट आणि ५ व्होल्टच्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लागतो, तो टाकला नसेल तर आधी तो टाका. कानांचं म्हणाल तर टेबल थांबल्यावर दोन सेकंद जाऊ द्या मगच शटर, आणि तेवढ्या वेळात मोटरचा करंट बंद करू नका, चालू असला की ती टेबल धरून ठेवते.