सॉसेज ग्रेव्ही दर वेळी बिघडतेय, मदत हवी आहे

अमेरिकेत टेनेसीत येऊन दोन वर्षं झाली. इकडे सुट्टीच्या दिवशी नाश्त्याला बिस्किट्स अँड ग्रेव्ही असते. बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं नव्हे; अगोड, मऊ, पदर सुटणारं. त्यावर डुकराच्या सॉसेजच्या चुऱ्याची पांढरी, मिरीची ठिपके-ठिपके दिसणारी दाट ग्रेव्ही. पहिल्यांदा पाहिली तेव्हा पतंगाची खळ वाटली होती. आता घरात सगळ्यांना चटक लागलीय.

शेजारच्या आजी फर्मास करतात, पण प्रमाण विचारलं की "कळतं गं हाताला". आपल्या आज्या तरी काय वेगळं सांगतात!

माझी कृती: ४५० ग्रॅम सेजच्या (एक सुगंधी पाला) स्वादाचं सुटं, खिम्यासारखं सॉसेज बिडाच्या पॅनमध्ये मोडून लालसर परतते. सुटलेली चरबी सगळी काढून टाकते (नवऱ्याचं कोलेस्टेरॉल). मग पाव कप पीठ, बिस्किटांसाठी आणते तेच, आणि लगेच अडीच कप दूध, अर्धा चमचा मीठ, मिरी.

होतं काय, तर गुठळ्या. वर कच्च्या पिठाची चव, आणि खारट तर इतकी की मुलगी बिस्किट नुसतंच खाते. दूध ओतल्यावर थोडा फेसही येतो. माहेरी पिठलं करायला मलाच बोलावतात हो, तिथे कधी एक गुठळी नाही! पिठाऐवजी कॉर्नफ्लोअर घालू का? आणि टर्कीचं सॉसेज चालेल का?

प्रतिसाद: फेस येतो म्हणालात म्हणून विचारते, पिठाच्या पिशवीवर सेल्फ रायझिंग लिहिलंय का बघा बरं. त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच असतं. सॉसेज खारट, पीठ खारट, वर तुमचं अर्धा चमचा. साधा मैदा आणा आणि मीठ अगदी शेवटी, चव बघून.

प्रतिसाद: ताई, चरबी काढून टाकताय तिथेच गुठळ्या होतायत. तीन मोठे चमचे तरी पॅनमध्ये राहू द्या. सॉसेजवरच मैदा भुरभुरवून मंद आचेवर दोनेक मिनिटं परता. कण न् कण तुपकट झाला की दुधात सुटा राहतो, कच्चटपणाही जातो. दूध आधी अर्धाच कप, नीट घोटून घ्या, मग पुढचं. उकळी फुटल्याशिवाय ग्रेव्ही खरी दाटत नाही, त्यामुळे घाबरून वरून पीठ घालू नका. चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ टिकली की गॅस बंद; ताटलीत आणखी आळते. कॉर्नफ्लोअर नको, चायनीज सूपसारखी चकचकीत होईल. टर्की चालेल, पण तिला चरबी सुटत नाही, दोन-तीन चमचे लोणी घाला. कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर महिन्यातून एकदाच करा, पण धड करा.

धागाकर्ती: पिशवी बघितली. सेल्फ रायझिंगच! दोन वर्षं तेच वापरतेय, डोक्यात प्रकाशच पडला नाही. आज साध्या मैद्याची केली, चरबी ठेवून. दूध अडीचऐवजी तीन कप लागलं, मीठ चिमूटभरसुद्धा घालावं लागलं नाही. गुठळी नाही. वाटीभर आजींना नेऊन दिली. चाखून म्हणाल्या, मिरी कमी आहे.