परीक्षेसाठी न लिहिलेली पाने : आपले अनुभव लिहावेत

धागाकर्ती, शिक्षिका, करवीर तालुका

परवा रात्री राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडल्याचे कळले आणि सामान वर चढवताना माळ्यावरून कागदांचे एक गाठोडे हाती आले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर माझ्या चौथीच्या वर्गाने लिहिलेली ती पाने आहेत. शाळा पुन्हा भरली तेव्हा निम्म्या मुलांची दप्तरे चिखलात गेली होती, भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती आणि पाठ्यपुस्तक उघडण्याची खरे तर माझीच इच्छा नव्हती. म्हणून मी पाठकोरे कागद वाटले आणि काय वाहून गेले ते लिहा, शुद्धलेखन तपासणार नाही, एवढेच सांगितले.

एका मुलाने तीन म्हशींची नावे एकाखाली एक लिहिली आणि कागद परत दिला. त्यावर काय लिहावे हे मला रात्रभर सुचले नाही. अखेर, ‘यांतली कोणती म्हैस तुझ्या हाकेला वळून बघायची?’ असे खाली लिहून दिले. दुसऱ्या दिवशी त्याने दीड पान लिहून आणले. तेव्हापासून वर्षभर मी कोणत्याही पानावर शेरा दिला नाही, फक्त प्रश्न विचारला. दिवाळीनंतर मुलेच एकमेकांच्या पानांवर प्रश्न लिहू लागली, आणि गावातली व मळ्यातली जी मुले डबासुद्धा वेगवेगळी बसून खात होती, ती परस्परांची पाने मागून घेऊ लागली. आपल्या वर्गात किंवा गावात लिहिण्यामुळे असे काही घडले असेल, तर ते वाचायला मला आवडेल.

माजी विद्यार्थी, कागल

आमच्या वहीत गुळव्याने, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ करणाऱ्या कारागिराने, चुका काढल्या होत्या. सहावीत प्रत्येकाने घरच्या माणसांना विचारून गुऱ्हाळावर एकेक पान लिहिले होते. काहील, चुलवाण, चिपाड, मळी, रवा असे सगळे शब्द त्यात आले होते. आमच्या सरांना गुऱ्हाळातले काही कळत नसल्यामुळे त्यांनी वही तपासायला थेट गावातल्या गुळव्यालाच बोलावले. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून आम्ही वाचत गेलो आणि ते अडवत गेले. पाक तयार झाला हे रंगावरून कळते, असे मी मोठ्या ऐटीत लिहिले होते. रंग फसवतो, थेंब गार पाण्यात सोडून गोळी वळते का ते बघायचे, असे त्यांनी सांगितले. मळी वर यावी म्हणून रसात भेंडीचे पाणी घालतात, हे तर मी गाळलेच होते. त्यांचा मुलगा माझ्याच बाकावर बसायचा. त्याने ती वही घरी नेली, ती परत आणली नाही आणि सरांनीही कधी मागितली नाही.

गृहिणी, राजारामपुरी

ताई, भाकरी टाकता टाकता वाचत होते आणि म्हशींच्या नावांपाशी तव्यावरची भाकरी करपली. सविस्तर सवडीने लिहीन.

शिक्षक, शिरोळ तालुका

आमच्याकडे ऊसतोडीसाठी बीडकडून येणाऱ्या कुटुंबांची मुले गळीत हंगामापुरती वर्गात असतात आणि हंगाम संपला की एका सकाळी त्यांची जागा रिकामी दिसते. एका वर्षी मी पन्नास पैशांची पोस्टकार्डे आणली आणि आमच्या मुलांना त्यांच्या गावच्या शाळेच्या पत्त्यावर पत्रे लिहायला लावली. पिनकोड शोधण्यातच दोन तास गेले, पण भूगोलाचा तेवढा चांगला तास माझ्याकडून पुन्हा झाला नाही. अकरा पत्रे गेली आणि चार उत्तरे आली. त्यांतल्या एका पत्रात, ‘माझ्या जागेवर आता कोण बसते?’ एवढेच विचारले होते. पुढच्या हंगामात तो मुलगा आला, तेव्हा वर्गाने ती जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती.

पालक, कोल्हापूर शहर

सर्वांचे अनुभव चांगले आहेत. माझा तसा नाही. माझ्या मुलाने ‘माझे बाबा’ या निबंधात आमचे दुकान बंद पडल्याचे आणि घरात होणाऱ्या भांडणांचे खरेखरे लिहिले. बाईंना ते इतके आवडले की त्यांनी प्रामाणिक लेखनाचा नमुना म्हणून ते वर्गात मोठ्याने वाचले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही मानतो. मात्र त्यानंतर दहावीपर्यंत त्याने प्रत्येक निबंध गाईडमधूनच उतरवला. मुलाने आपल्याला लिहून दिले म्हणजे ते सगळ्यांना दिले असे होत नाही, एवढे तरी शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

निवृत्त मुख्याध्यापक, गडहिंग्लज तालुका

वरील पालकांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. घरातले लिहिणे आणि चव्हाट्यावरचे लिहिणे यांत फरक करायला आपणच शिकवले पाहिजे.

परीक्षेतल्या अर्जाखाली मुले ‘अ. ब. क.’ अशी सही करतात. मी एकदा सातवीला स्वतःच्या नावाने अर्ज लिहायला लावला, कारण शाळेच्या वेळेची एसटी आमच्या फाट्यावर थांबतच नव्हती. पहिला अर्ज तारीख नसल्यामुळे परत आला. दुसऱ्या अर्जाआधी मुलांनी आठ दिवस फाट्यावर उभे राहून कोणती गाडी किती वाजता आली आणि थांबली की नाही, याचा तक्ता केला आणि तो अर्जाला जोडला. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा आदेश काढला, तिथे आम्हाला शाळेत न्यायला गाडी थांबत नाही, असे वाक्य एका मुलीने घातले होते. अर्जात असे लिहीत नसतात म्हणून मी ते खोडणार होतो. खोडले नाही, ते बरे झाले. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही, हेही मुले त्याच दिवशी शिकली. गाडी तीन आठवड्यांनी थांबू लागली. ती अर्जामुळे थांबली की तक्त्यामुळे, यावर सातवीत बरेच दिवस वाद चालला होता.

माजी विद्यार्थी, कागल

सर, तक्त्यामुळेच.

गृहिणी, राजारामपुरी

ताई, त्या मुलाचे ते दीड पान इथे वाचायला मिळेल का? नावे झाकून चालेल.

धागाकर्ती, शिक्षिका, करवीर तालुका

वरच्या पालकांचा अनुभव वाचल्यापासून मी त्याच विचारात आहे. मी सकाळी पानाचे छायाचित्रही काढून ठेवले होते, पण आता ते इथे टाकवत नाही. तो मुलगा आता मोठा झाला आहे आणि घरच्या गोठ्याचे दूध डेअरीत घालायला रोज आमच्या दारावरूनच जातो. उद्या त्याला थांबवून विचारते. तो नको म्हणाला, तर पान त्याला परत देऊन टाकीन.